आईच्या कानांची वही

सेल बदलायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात तिने आईचे कान घालवले.

बाबांना जाऊन दहा दिवस झाले होते. ते दहाही दिवस आईने गळ्यातली डबी काढून कपाटावर ठेवली होती. माणसं येत, समोर बसत, हात हातात घेऊन बोलत, आणि आई नुसती मान डोलवत राही. डबीशिवाय तिला शेजारी भांडं पडलं तरी कळत नसे. "मला आत्ता काही ऐकायचं नाही," असं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. अकराव्या दिवशी, शुक्रवारी, दुपारचा चहा झाल्यावर ती आपण होऊन म्हणाली, "आण गं माझ्या सवतीला. आता ऐकते."

सवत म्हणजे ती डबी. साबणाच्या डबीएवढी, गळ्यात दोरीने अडकवायची. वर एक गोल बटण, एक बारीक जाळी, आणि कानांत घालायच्या दोन तारा. बाबांनी ती घरीच बनवली होती. बनवताना तीन महिने ते तिच्याचजवळ बसले, तिच्याचशेजारी ताट ठेवून जेवले, म्हणून आईने ते नाव ठेवलं होतं.

डबीतले चार सेल संपले होते. तिने बाबांच्या खोलीतून नवे आणले आणि मागचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने एक बाण काढलेला होता, सेल कसे घालायचे ते दाखवणारा, आणि तो सरळसरळ चुकीचा होता. सेलचं सपाट टोक स्प्रिंगकडे असतं, हे कोणालाही ठाऊक असतं. ती पुस्तकांची मुद्रितं तपासायची. चूक दिसली की दुरुस्त करायची आणि पुढच्या ओळीवर जायचं, हा वीस वर्षांचा हात. बाणाकडे दुर्लक्ष करून तिने सेल बरोबर घातले.

बटण फिरवलं तेव्हा आत कुठेतरी बारीक तडतड झाली आणि करपल्याचा वास आला.

आई दोन्ही कानांत तारा घालून, चेहरा थोडा वर करून बसली होती. "हं," ती म्हणाली. "बोल ना."

चौकातल्या दुरुस्तीवाल्याने डबी उघडली आणि आतली एकेक तार तपासली. मग डोळ्याला लावलेली भिंगाची नळी काढून म्हणाला, "सेल उलटे गेलेत, ताई."

"मी सरळ घातले होते."

"हो, तेच म्हणतोय. इथे उलटे हेच सरळ आहेत. कप्प्याच्या तारा आधी उलट्या जोडल्या गेल्या असणार. मग तुमच्या वडिलांनी त्या उखडल्या नाहीत, बाण काढून ठेवला."

तिला कळलं. चांगला बसलेला टाका उगाच उखडायचा नाही, हे बाबांचं पक्कं होतं. सेल तेच बदलत. बाण दुसऱ्या कोणासाठी नव्हताच, तो त्यांच्या स्वतःच्या विसरभोळेपणासाठी होता.

"पण काम बघा," दुरुस्तीवाला म्हणाला. त्याने डबी तिच्यापुढे धरली. हिरव्या पट्टीवर सोल्डरिंगचे शेकडो ठिपके होते, सगळे एका मापाचे, सगळे चमकत. "हे टाके घातलेत का मोती ओवलेत? मी तीस वर्षं हेच करतो. माझी डबी अशी उघडली तर मला लाज वाटेल."

डबी त्याने ठेवून घेतली. सोमवारी ती गेली तेव्हा म्हणाला, "जळलेली चिप काढली. नवी चिप माझ्याकडे आहे. पण तिच्याशेजारचे सात रेझिस्टर करपलेत. त्यांच्यावर रंगाचे पट्टे असतात, त्यावरून कुठला कितीचा ते कळतं. ते पट्टेच जळून गेलेत. मी अंदाजाने सात घातले तर आवाज येईल, ताई. पण आईंना त्यातले शब्द कळतील का, ते मी नाही सांगू शकत. ही डबी बाजारातली नाही. एका माणसाच्या कानाच्या मापाने बेतलेली आहे. त्यांनी कुठे लिहून ठेवलंय का ते शोधा."

"सापडलं तर तुम्ही बसवून द्याल?"

त्याने आपल्या उजव्या डोळ्याकडे बोट दाखवलं. त्यात दुधासारखी साय आली होती. "बुधवारी ह्याचं ऑपरेशन. जळकं काढणं वेगळं आणि नवं बसवणं वेगळं. तुम्हीच बसवा. वडिलांची हत्यारं आहेत, त्यांची मुलगी आहे, आणखी काय लागतं?"

घरी आल्यावर दादाचा फोन आला. तो दुसऱ्या शहरात राहायचा आणि नेहमी ठरवून मग विचारायचा. "मी रविवारी गाडी घेऊन येतो. आई आता माझ्याकडे. अगं, दार कोण वाजवतंय ते कळत नाही, गॅस चालू राहिला तर कळणार नाही. तू परत गेलीस की एकटीला कसं ठेवायचं?"

"आधी ते कानात घालायचं यंत्र आणलं होतंस, त्याने तिला गरगरायचं."

"दुसरं आणू. नाही जमलं तर लिहून बोलू. तू आत्ता काय करतेस?"

ती आत्ता तेच करत होती. पाटीवर 'दादा रविवारी न्यायला येतोय. तू काय म्हणतेस?' असं लिहून तिने आईपुढे धरलं. आईने वाचलं. आपला आवाज आपल्याला ऐकू येईनासा झाल्यापासून आई दिवसेंदिवस कमी बोलायला लागली होती आणि जे बोलायची ते फार हळू. "डबी असती तर राहिले असते इथेच," ती म्हणाली. मग लेकीच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "जुनीच झाली होती गं ती."

तिने दादाला किंवा आईला सेलचं सांगितलं नव्हतं.

बाबांची खोली म्हणजे स्वयंपाकघरामागची अडगळीची खोली. खिडकी नव्हती, छताजवळ एक झरोका होता. एका जुन्या दाराला चार पाय लावून टेबल केलेलं होतं. भिंतीवर औषधांच्या बाटल्यांची झाकणं खिळ्यांनी ठोकली होती आणि बाटल्या त्यांत खालून फिरवून बसवल्या होत्या. स्क्रू, वॉशर, काचेचे फ्यूज, काय हवं ते न शोधता दिसायचं. लांबलचक फळीचे तीन भाग होते आणि त्यांवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठ्या: 'आजारी', 'उघडलेले', 'बरे झाले'. घरोघरचे रेडिओ, घड्याळं, पंखे त्या फळीवरून डावीकडून उजवीकडे सरकत सरकत आपापल्या घरी जात. बाबा टेलिफोन खात्यात आयुष्यभर दुसऱ्यांच्या तारा जोडत होते. निवृत्तीनंतर, "आता हौसेने जोडतो," एवढंच म्हणाले.

प्रत्येक वस्तूची वही होती. डबीची वही तिला तिसऱ्या खणात सापडली. तपकिरी पुठ्ठ्याची, वर पेन्सिलने लिहिलेलं: 'हिचे कान'. पहिल्या पानावर तीन वर्षांपूर्वीची तारीख.

ती उभ्याउभ्याच वाचायला लागली आणि मग खाली बसली. पहिली चाळीस पानं म्हणजे आईच्या बहिरेपणाचा नकाशा होता. बाबांनी रोज संध्याकाळी आईला डोळे मिटून बसवलं होतं, एकेक बारीक सूर वाजवला होता, आणि आईने बोट वर केलं की टिंब काढलं होतं. तीन महिन्यांची टिंबं. टिंबांतून एक रेघ गेली होती, डोंगरावरून उतरावी तशी, आणि उताराच्या तळाशी लिहिलं होतं: 'स, श, फ इथे हरवतात. म्हणून तिला "सासू" आणि "आऊ" एकच. हसू आलं, पण हसण्यासारखं नाही.' पुढे: 'नुसता आवाज मोठा केला तर भांडी अंगावर येतात. जे हरवलंय तेवढंच द्यायचं. भांडी बाहेर ठेवायची, माणसं आत घ्यायची.'

आईला बाबांनी आयुष्यात कधी एक फूल आणलेलं तिने पाहिलं नव्हतं. दोघांचं बोलणं म्हणजे दुधाचा हिशेब आणि दाराची कडी. आणि ही चाळीस पानं. तिच्या हातून रोज एवढी पुस्तकं जात, पण कोणी कोणाबद्दल इतकं बारकाईने लिहिलेलं तिने वाचलं नव्हतं.

त्यापुढची पानं बांधणीची होती. कुठल्या जागी कितीचा रेझिस्टर, कुठली तार कुठे. करपलेल्या सातांचे आकडे, त्यांचे रंग, बसवायचा क्रम, सगळं होतं. समासात फिकट पेन्सिलने बाबांची स्वतःशी चाललेली कुरकुर होती. ते कामाशी बसले की स्वतःला रागवत, ही घरातली जुनी गंमत. 'काल घाई केलीस, आज भोग.' 'आधी मोज, मग शहाणपणा कर.' समास वाचायचाच, ही तिच्या धंद्याची सवय. सोमवारी संध्याकाळपर्यंत तिने बांधणीचं पानन्‌पान वाचून काढलं, समासासकट.

मंगळवारी दुरुस्तीवाल्याने चिप आणि सात रेझिस्टर कागदाच्या पुडीत बांधून दिले. डबीही परत दिली.

बुधवारी सकाळी तिने सोल्डरिंग आयर्न तापायला ठेवलं. लहानपणी बाबांनी तिला शिकवलं होतं. दोन टाके घालून, बोट भाजून घेऊन ती पळाली होती. चिपची पहिली तार बसवली तो ठिपका म्हणजे मेंढीची लेंडी झाली. तिने वही पाहिली. समासात होतं: 'पहिला टाका ओबडधोबड होईल. होऊ दे. दुसऱ्याकडे लक्ष दे.'

तिला हसू आलं. दुसरा खरंच बरा झाला. कोणाचाही होतो.

आठ टाके झाले. नववा घालायला घेतला आणि फोन वाजला. ती दचकली, हात हलला, आयर्न हातात असतं तर निसटून हिरव्या पट्टीवरच पडलं असतं. पण तिने ते आधीच स्टँडवर ठेवलेलं होतं. का ठेवलं, ते तिला क्षणभर आठवेना. मग आठवलं. नवव्या टाक्यासमोर समासात लिहिलं होतं, 'फोन वाजेल. आयर्न स्टँडवर ठेव,' आणि तिने वाचता वाचता, मुद्रितातली खूण पाळावी तसं, पाळलं होतं.

फोन दादाचा होता. "आईच्या औषधांची यादी करून ठेव," तो म्हणाला.

"केली आहे."

"तुझा आवाज असा का येतोय?"

"काम चाललंय."

तिने स्वतःला समजावलं. बाबांनाही काम करताना फोन यायचे. आयर्न हातातून निसटलं असेल कधीतरी. लिहून ठेवलं असेल.

गुरुवारी टेबलावरचा दिवा गेला. तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा आणून लावला. तिथे एकच प्रकार होता, पिवळ्या उजेडाचा. त्या दिव्याखाली तिने पुडीतले सात रेझिस्टर पांढऱ्या कागदावर ओळीने मांडले, वहीतल्या रंगांशी ताडून. पहिला बसवला. दुसरा बसवला. तिसऱ्याच्या समासात होतं: 'नवा दिवा पिवळा आहे. ह्यात नारिंगी तांबडा वाटतो. तिसरा खिडकीत नेऊन बघ.'

ही ओळ तिने सोमवारी वाचली होती, आणि तेव्हा तिच्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

ती तिसरा रेझिस्टर तळहातावर घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेली. त्याचा तिसरा पट्टा नारिंगी होता. तो रेझिस्टर सहाव्या जागेचा होता. तिसऱ्या जागी तो बसला असता तर हिशेब दहापटीने चुकला असता. आई ओट्यापाशी भाजी चिरत होती. तिने पाठ न वळवता विचारलं, "जमतंय का गं?" उत्तर ऐकू येणार नाही हे तिला माहीत होतं, तरी विचारलं.

ती परत आली आणि कचऱ्याच्या डब्यातून जुना दिवा काढला. बाबांनी त्यांच्या पद्धतीने त्याच्या पितळी बुडावर लावल्याची तारीख लिहिली होती. चार वर्षांपूर्वीची. म्हणजे वही सुरू झाली त्याच्याही आधी हा दिवा इथे होता, आणि कालपर्यंत तोच होता. तिने त्याची काच उजेडात धरून पाहिली. पांढऱ्या उजेडाचा दिवा होता.

वही लिहिली जात असताना ह्या टेबलावर पिवळा दिवा नव्हताच.

तिने जुना दिवा वहीशेजारी ठेवला. भीती वाटली असं तिला म्हणता येईना. लहानपणी गणित चुकत असताना मागे बाबा येऊन उभे राहिले की मानेला जे जाणवायचं, ते जाणवत होतं. तेव्हा ते कधी उत्तर सांगत नसत. चुकलेल्या आकड्यावर फक्त बोट ठेवत.

तिने खरा तिसरा शोधून बसवला, चौथा बसवला, आणि दिवा बंद करून ठेवला. मग पाटी घेऊन आईसमोर बसली आणि लिहिलं, 'बाबांनी डबीची वही कधी लिहिली?'

"बनवताना."

'नंतर कधी?'

आईने आठवून पाहिलं. "आजारी पडायच्या आधी दोन दिवस रबर घेऊन बसले होते तिच्यात. म्हटलं काय खोडताय? म्हणाले, काही नाही, एक ओळ चुकली होती." एवढं बोलून आई दमल्यासारखी झाली. "का गं?"

तिने पाटी पुसून टाकली.

शुक्रवारी तिने ठरवलं की ह्याचा निकाल लावायचा. माणूस शिकाऊ असला की कुठे चुकेल हे जाणत्याला सांगता येतं. पण लहरीने काय करेल हे कोणाला सांगता येणार? पाचवा रेझिस्टर उचलायचा सोडून तिने सहावा उचलला. ह्याला काहीही कारण नव्हतं. तो जागेवर धरला, तेव्हा त्याची एक तार बसेना. ती पाचव्याच्या तारेवर टेकायची होती. तिने वही ओढली.

सहाव्याच्या समासात होतं: 'आधी पाचवा. परीक्षा घ्यायची तर घे, पण रविवार आलाय.'

हीही ओळ तिने सोमवारी वाचली होती. तेव्हा वाटलं होतं, डबी पुरी करून द्यायचा दिवस रविवार ठरला असेल. आता तिने बांधणीच्या पानांतली शेवटची तारीख काढून जुन्या कॅलेंडरवर पाहिली. डबी बुधवारी पुरी झाली होती.

तिने पाचवा बसवला. मग सहावा. मग सातवा. भिंगाखाली तिने आपले ठिपके बघितले आणि त्यांच्याशेजारचे बाबांचे. मोती नव्हते, पण एका माळेत खपून गेले असते. तिला आपण होऊन वाटलं, बाबांना दाखवावं. आणि मग वाटलं, दाखवायचं काय राहिलंय.

शनिवारी दुपारी तिने डबी मिटायला घेतली. आई शेजारी येऊन बसली होती, हात मांडीवर ठेवून. बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी धुत होतं. दादाचा निरोप आला होता: उद्या दहापर्यंत पोचतो, बॅग भरून ठेव.

तिने चार नवे सेल घेतले. झाकणाच्या आतला पांढरा बाण पाहिला. ह्या वेळी चूक नाही. बाण दाखवत होता तसं सपाट टोक स्प्रिंगच्या उलट बाजूला धरलं. एक सेल बसला. दुसरा बसला. तिसरा बसला.

चौथा हातात असताना तिची नजर वहीकडे गेली. पानाच्या तळाला, शेवटच्या सूचनेच्या समासात, एक ओळ राहिली होती. ती तिला तोंडपाठ होती, अर्थ न लागता.

'कप्पा नवा, बाण जुना. सेल आता चारचौघांसारखे घाल.'

तिने सेल खाली ठेवला.

कप्प्याकडे नीट पाहिलं. काळा, चकचकीत, एकही ओरखडा नसलेला. बाबांनी बनवलेल्या डबीत एवढी नवी वस्तू कुठलीच नव्हती.

तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याचा आवाज झोपेतला होता. डोळ्याला पट्टी असेल.

"सेलचा कप्पा तुम्ही बदललात?"

"हो ताई. तुमच्या हातून परत तसंच व्हायला नको म्हणून नवा टाकला, तारा सरळ जोडून. जाड तारा, तेवढं दिसतं मला. आता नेहमीसारखे घालायचे सेल." मग त्याला आठवलं. "बाण पुसायचा होता. डोळ्याच्या गडबडीत सांगायचं राहिलं बघा. का, काही घोटाळा झाला का?"

"नाही," ती म्हणाली. "झाला नाही."

तिने तीन सेल काढले. चारही उलटून घातले. झाकण लावलं.

दोन्ही तारा आईच्या कानांत घातल्या.

बटण फिरवलं.

करपल्याचा वास आला नाही. काहीच झालं नाही. आई समोर बघत होती. मग तिची नजर हळूहळू दाराकडे वळली, दारातून बाहेर, रस्त्याकडे.

"कोण गाडी धुतंय एवढ्या उन्हात?" आई म्हणाली.

तिने घसा साफ केला आणि मोठ्याने म्हणाली, "आई, ऐकू येतंय?"

"ओरडतेस कशाला? बहिरी आहे का मी?" आणि मग आपलंच बोलणं आपल्या कानांवर पडून आई हसली, डोळे भरून येईपर्यंत हसली. पदराने तोंड पुसून म्हणाली, "तुझा आवाज बसलाय. रडत होतीस का?"

"नाही. आई, सेल मी उलटे घातले होते. डबी माझ्यामुळे जळली."

"ते मला वासावरून कळलं होतं," आई म्हणाली. "मी बहिरी होते, नाक शाबूत होतं." तिने खुर्ची जवळ ओढली. "आता मला सांग. दहा दिवस माणसं येत होती, ती ह्यांच्याबद्दल काय काय म्हणाली? पहिल्या दिवसापासून सांग. एकही सोडू नको."

तिने सांगितलं. समोरच्या म्हातारबुवांनी सांगितलं होतं की त्यांच्या रेडिओची वॉरंटी चाळीस वर्षांपूर्वी संपली आणि तेव्हापासून ती बाबांच्या शब्दावर चालू आहे. एका बाईने सांगितलं होतं की तिच्या मुलाच्या श्वासाचं यंत्र बंद पडलं तेव्हा बाबा पायात चपला न घालता आले होते. एक जण नुसताच फळीपाशी उभा राहून 'बरे झाले' ही चिठ्ठी वाचून गेला होता. आई एकेक ऐकून मान हलवत होती, आणि ह्या वेळी खरंच ऐकून. एकदा म्हणाली, "चपला न घालता? मला म्हणाले हरवल्या." एकदा म्हणाली, "हे परत सांग."

मग दादाला फोन आईनेच केला, फोन डबीच्या जाळीपाशी धरून. "ये उद्या, जेवून जा. बॅग-बिग काही नाही. मी इथेच राहणार आहे." पलीकडून तो काहीतरी बोलला. "शब्दन्‌शब्द ऐकू येतोय," आई म्हणाली, "म्हणूनच नाही म्हणतेय."

आई चहा ठेवायला आत गेली. ती बाबांच्या खोलीत आली, आयर्नचं बटण बंद केलं, हत्यारं जागच्या जागी लावली. वही मिटताना त्या शेवटच्या ओळीखाली तिला आणखी दोन शब्द दिसले. ती ओळ आतापर्यंत इतक्या वेळा वाचली होती, पण समासासकट वाचूनही हे दोन शब्द नजरेतून सुटले होते. 'वही उलट.'

तिने वही उलटी धरली. मागच्या बाजूने सुरू होणारं एकच पान लिहिलेलं होतं. वर शीर्षक: 'सेल'. खाली तारखा.

पहिली तारीख आजची होती, वर्षासकट. पुढे लिहिलं होतं: 'पुन्हा चालू. नवे सेल.'

दुसरी पाच महिन्यांनंतरची. 'सेल बदल.'

मग आणखी पाच महिन्यांनी. 'सेल बदल. दोरी झिजली असेल, तीही बदल.' अशा ओळी एकाखाली एक, एकाच टोक केलेल्या पेन्सिलने, सगळ्या पाच पाच महिन्यांच्या अंतराने. सहाव्या ओळीत होतं: 'सेल बदल. आवाजाचं बटण थोडं पुढे.' आठव्या ओळीत: 'सेल बदल. बटण आता शेवटपर्यंत. तू जवळ बसून बोल.'

नववी तारीख आठवीनंतर अवघ्या एकोणीस दिवसांची होती. सेल तेव्हा अजून नवेच असणार. समोर लिहिलं होतं:

'सेल काढून ठेव, आत राहिले तर गंजतात. घाई नाही. माणसं गेल्यावर काढ.'

त्याखालचं पान कोरं होतं.

"पान उलटल्याचंसुद्धा ऐकू येतं गं मला इथे," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. कपबशा मांडल्याचा आवाज झाला. "काय वाचतेस?"

"सेल कधी बदलायचे ते लिहून ठेवलंय बाबांनी."

"ठेवणारच. कुठपर्यंतचं लिहिलंय?"

"पुष्कळ पुढपर्यंतचं," ती म्हणाली, आणि ह्या डबीला श्वासही ऐकू जातो हे लक्षात येऊन तिने श्वास रोखून धरला.